दोरी सोडून ओरडणारी माणसं

सांगणार नव्हतो. डोळे गेले, गुडघे गेले, आता बोलायचाही कंटाळा येतो. पण घरातली पोरं त्या मोबाईलमध्ये लांबच्या देशांतल्या राज्यकर्त्यांवरून एकमेकांची अब्रू काढत बसतात, आणि दमली की मलाच म्हणतात, आजोबा, गोष्ट सांगा. घ्या मग. लहानांनी ऐका, मोठ्यांनी जरा जास्तच ऐका.

फार जुना काळ. एक खोल दरी होती. अलीकडच्या काठावर एक गाव, पलीकडच्या काठावर दुसरं. मध्ये काथ्याचा जाड दोर ताणलेला आणि त्याला लोंबणारी झोळी. झोळीत एकच माणूस मावे, आणि तिला दोन्हीकडून ओढायची दोरी बांधलेली. एका काठानं दोरी सैल सोडायची, दुसऱ्यानं ओढायची, तेव्हा माणूस पार होई.

दोन्ही गावांना एकच खोड होती. संध्याकाळ झाली की सगळे काठावर जमत आणि दूरदेशीच्या दोन राजांवरून भांडत. उत्तरेचा राजा आपल्या रयतेची तोंडं बांधायचा. पश्चिमेचा राजा तोंडं सोडवायला आलो म्हणत दुसऱ्यांच्या घरात शिरायचा. अलीकडच्यांना उत्तरेचा प्यारा, पलीकडच्यांना पश्चिमेचा. दोघांपैकी एकाला तरी कुणी बघितलं होतं म्हणाल, तर नाही. उंटावरून शेळ्या हाकायला बघावं लागत नाही.

एके संध्याकाळी अलीकडच्या काठावर एक बाई आली. सोबत म्हातारा बाप. उत्तरेच्या राज्यातून पळून आलेली. बापाचा गुन्हा एवढाच, की भर बाजारात बोलला, राजाच्या घोड्यांनी माझं शेत तुडवलं. आता स्वार त्याच्या मागावर होते.

"बाबा, आधी तुम्ही बसा."

"मला मध्येच घेरी आली म्हणजे? तू हो पुढं. झोळी माघारी आली की मी आलोच."

बाई बसली. झोळी सरकत दरीच्या मध्यावर आली. तेवढ्यात पलीकडून एकानं हटकलं, "कुठनं आलीस गं बाई?"

"उत्तरेकडनं. लवकर ओढा, दादा. मागं बाप आहे माझा."

झालं. पलीकडचे ओरडले, "बघा, तुमच्या लाडक्या राजाची रयत पळत सुटलीय."

"हिला कुणी पढवून पाठवलं ते विचारा आधी," अलीकडचे ओरडले. "आणि तुमच्या राजानं जाळलेली गावं दिसत नाहीत वाटतं?"

आता दरीपार आवाज पोचवायचा, तर दोन्ही हात तोंडाशी धरावे लागतात. दोरीलाही दोन्ही हातच लागतात. दोन्ही काठांनी दोरी सोडली. झोळी मध्येच लोंबकळत राहिली.

"भांडा नंतर," बाई म्हणाली, "आधी ओढा."

"तूच सांग ना," पलीकडचा म्हणाला, "दोघांत वाईट कोण?"

बाई झोळीत उभी राहिली, वरचा जाड दोर धरला आणि एकेक हात पुढं टाकत स्वतःला झोळीसकट ओढू लागली. अजून निम्मं अंतर राहिलं होतं, तोच मागं टापा वाजल्या. उत्तरेच्या राजाचे गोडवे गाणारे अलीकडचे लोक त्याचे स्वार दिसताच घरात जाऊन दारं लावून बसले.

बाई पलीकडे पोचली आणि वळली. समोरच्या काठावर कुणी नव्हतं. बापाची काठी तेवढी पडली होती.

माणसं तिच्याभोवती जमली. एक जण म्हणाला, "आता तरी त्यांना मोठ्यानं सांग, वाईट कोण ते."

बाईनं तळवे उघडून दाखवले. कातडी सोलून निघाली होती, काथ्याची कुसळं मांसात रुतली होती.

"शेत त्या राजानं तुडवलं," ती म्हणाली, "बापही त्यानंच नेला. पण त्याला वेळ तुम्ही दिलात. या काठानंही आणि त्या काठानंही."

आणि ती निघून गेली.

दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही काठ पुन्हा भरले. म्हातारा नेमका कुणामुळं गेला, यावर वाद पेटला. झोळी रिकामी लोंबत होती. तिला हात लावायला कुणाचे हात मोकळे नव्हते.

तात्पर्य एवढंच: लांबच्या राजांचा न्याय खुशाल करावा, पण हातातली दोरी सोडून नाही.

झाली गोष्ट. मी एवढंच बोललो होतो, तर गावाच्या त्या मोबाईलवरच्या गटात ज्यानं मला सगळ्यांदेखत राजाचा भाट म्हटलं, आणि माफी अजून मागितलेली नाही, तो माणूस म्हणजे आमचे व्याही, दामोदर सोनटक्के.