दाऊदच्या जागेवरचे वल्हे

माडबंदर हे खाडीच्या तोंडाशी वसलेले छोटेसे गाव. अर्धी वस्ती कोळ्यांची, अर्धी दर्यावर्दी मुसलमानांची, आणि पोट मात्र सगळ्यांचे एकाच समुद्रावर. किनाऱ्यालगत उंडीचे एक जुने झाड होते. त्याच्याखाली झावळ्यांच्या झोपडीत भिकोबा महाराज राहत. अंगावर एक घोंगडी, हातात कोणाचे तरी फाटलेले जाळे आणि तोंडात नाम. जाळे कोणाचे आहे हे महाराज विचारत नसत. भोक दिसले की बोटे आपोआप चालू लागत.

महाराजांचा एक भक्त होता बुधाजी कोळी. तांडेल म्हणजे नावेचा नायक; धाकोजी तांडेलाच्या मचव्यावर बुधाजी वल्हे मारी. त्याच मचव्यावर दाऊदचाचा होते. दाऊदचाचा वयाने सर्वांत मोठे, बोलण्याने सर्वांत गोड.

बाळांनो, मचवा वल्हवणे म्हणजे नुसती ताकद लावणे नव्हे. सगळी वल्ही एकाच क्षणी पाण्यात बुडली पाहिजेत आणि एकाच क्षणी ओढली गेली पाहिजेत. म्हणून खलाशी पुकारा करतात. या मचव्यावर बुधाजी पुकारी, "आई एकवीरे!" की सगळी वल्ही पाण्यात. लगेच दाऊदचाचा पुकारीत, "अल्ला बेली!" की सगळे मिळून ओढणार. वर्षानुवर्षे हाच रिवाज. कोणाच्या कानाला त्यात काही वेगळे वाटत नसे.

आणखी एक होते. सांज झाली की दाऊदचाचा नाळेशी, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकाशी, जाऊन नमाज पढत. तेवढा वेळ त्यांचे वल्हे बुधाजी धरी. बुधाजीने देवीला दिवा लावला की त्याचे वल्हे दाऊदचाचा धरीत. कोणी कोणाला सांगितले नव्हते.

धाकोजीला मात्र हे खुपू लागले. त्या साली त्याने नवी डोलकाठी उभी केली होती, मासळीही भरपूर लागली होती. डोलकाठीबरोबर त्याची मानही उंच झाली. एके दिवशी महाराजांच्या झोपडीपुढून जाताना तो मोठ्याने म्हणाला, "महाराज, तुमच्या या भगताला सांभाळा! सांजेला दाऊदचं वल्हं मारतो. याचं निम्मं पुण्य तिकडं वाहून चाललंय!"

सोबतचे हसले. बुधाजीने मान खाली घातली.

महाराज जाळ्यातून डोके वर न काढता म्हणाले, "वाहून जायला पुण्य काय पेज आहे, धाकोजी?"

आता हसणारे धाकोजीकडे पाहून हसले. ते त्याला फार लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे मचवा निघताना त्याने दाऊदचाचांना जागेवर बसतानाच अडवले.

"आजपासून माझ्या मचव्यावर एकच नाव. बुडवताना देवीचं, ओढतानाही देवीचंच. तुला तुझं घ्यायचं असेल तर किनाऱ्यावर बसून घे."

"तांडेल," दाऊदचाचा हसून म्हणाले, "देवीचं नाव मला परकं नाही. पण माझ्या तोंडून निघतं ते माझं. ते तरी कसं बदलू?"

"मग उतर."

बुधाजी उठला. "तांडेल, चाचा नसतील तर मीसुद्धा..."

"तू कुठं निघालास?" दाऊदचाचांनीच त्याला खांदा धरून खाली बसवले. "एक वल्हं कमी आहेच, दोन कमी करतोस? बस गपचूप. आणि सांजेला वारा फिरेल असं वाटतंय. वाळूच्या दांड्यापाशी जपा."

मचवा शीड उभारून गेला. दाऊदचाचांची जागा रिकामीच राहिली. त्यांचे वल्हे कडेला आडवे पडून होते.

सांज होत आली आणि खरेच वारा फिरला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तिथे लाटा उंच उठून फुटतात. मचवा तिथे पोहोचला तेव्हा एका झपाट्यात शीड फाटले. आता वल्ह्यांचाच आधार! बुधाजीने पुकारले, "आई एकवीरे!" वल्ही बुडाली. पुन्हा पुकारले, "आई एकवीरे!" आणि घोटाळा झाला. इतक्या वर्षांची सवय! देवीचे नाव ऐकताच दोघांनी वल्ही पुन्हा बुडवली, दोघांनी ओढली. वल्ह्यावर वल्हे आदळले. मचवा आडवा फिरला. एक लाट कडेवरून आत आली.

"ओढा! ओढा रे!" सुकाणूवरून धाकोजी ओरडत होता. पण सगळ्यांच्या हातांना जो शब्द हवा होता, तो त्यानेच किनाऱ्यावर उतरवून ठेवला होता.

इकडे दाऊदचाचांनी किनाऱ्यावरून हे पाहिले आणि ते धावत महाराजांकडे आले. "महाराज, मचवा आडवा झालाय! माझी माणसं बुडतील!"

पाहा बाळांनो! ज्यांनी पहाटे उतरवून दिले, त्यांना दाऊदचाचा 'माझी माणसं' म्हणत होते!

महाराजांनी जाळे बाजूला ठेवले. "दाऊद, सूर्य कुठे आला?"

"बुडाला, महाराज."

"मग तुझी वेळ झाली. तू नमाज पढ, त्यांच्यासाठी माग. तेवढा वेळ तुझं वल्हं मी धरतो."

दाऊदचाचांनी वाळूवर रुमाल अंथरला. महाराज झोपडीच्या दारात पाय रोवून बसले, डोळे मिटले आणि हवेत हात पुढे-मागे करू लागले. दोघी-तिघी बायका म्हणाल्या, "अगं बाई, महाराज कोरड्यातच वल्हं मारतायत!"

तिकडे बुधाजीने कासावीस होऊन पुन्हा पुकारले, "आई एकवीरे!"

आणि रिकाम्या जागेवरून उत्तर आले, "अल्ला बेली!"

सगळ्यांनी एकदम ओढले. कोणी विचार केला नाही, हातांनीच ओळखले. धाकोजीने डोळ्यांतले खारे पाणी पुसून पाहिले. दाऊदच्या जागेवर घोंगडी पांघरलेले कोणीतरी वाकून वल्हे मारीत होते. फेसात चेहरा दिसेना.

"दाऊद? तू आलास?"

"बोलू नको. सुकाणू सांभाळ."

"आई एकवीरे!" "अल्ला बेली!" मचवा सरळ झाला. लाटेच्या पाठीवर चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि दांडा ओलांडून खाडीच्या शांत पाण्यात आला. धाकोजीने वळून पाहिले तर जागा रिकामी! वल्हे मात्र ओले, पाणी ठिबकत होते.

किनाऱ्याला लागताच सगळे झाडाकडे धावले. दाऊदचाचा नुकतेच दुआ मागून उठत होते. महाराज दारात बसले होते. भोवतीची वाळू कोरडी, पण घोंगडीतून खारे पाणी गळत होते. बुधाजीने त्यांचे हात हातात घेतले. तळव्यांवर टचटचीत फोड आले होते. तो हुंदके देऊ लागला.

"रडतोस काय?" महाराज म्हणाले. "सवय नाही रे मला. चाचांचं वल्हं भलतंच जड आहे."

धाकोजी महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, चुकलो! पण तुम्ही... तुम्ही तर त्याच्या देवाचं नाव पुकारलंत!"

"त्याच्या जागेवर बसलो होतो ना! तिथं बसायचं तर तिथला पुकारा करायला हवा. मी घडीभराचा पाहुणा, धाकोजी. जागेचा धनी इथं उभा आहे. क्षमा त्याच्याकडे माग."

गावाने कधी न पाहिलेले त्या दिवशी पाहिले. ताठ मानेचा धाकोजी तांडेल हात जोडून दाऊदचाचांपुढे वाकला. चाचांनी त्याला अर्ध्यावरच सावरले आणि छातीशी धरले.

"चाचा, उद्या याल ना?" धाकोजीने विचारले.

"येईन की. पण शीड फाटलंय म्हणे! ते आधी शिवायला कोण बसतंय?"

"मी बसतो," धाकोजी म्हणाला, आणि तिथेच वाळूत त्याने दोघांपुढे पुन्हा एकदा मस्तक टेकवले.