अबोल्याचं बावखल

या, असे सावलीत या. आधी नीट बघून घ्या, मग विचारा. बावखल म्हणजे धड विहीर नाही आणि धड तळंही नाही. आमच्या वसईकडच्या केळीच्या वाड्यांना पाणी पुरवणारं डबकं म्हणा हवं तर, पण आमच्या तोंडावर म्हणू नका! पश्चिमेच्या काठावर तो दगडी क्रूस आहे ना, त्याच्या पायथ्यापासून पायऱ्या पाण्यात उतरतात. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की दर शुक्रवारी उतरत्या उन्हात आमचं अख्खं निरभाट गाव या पायऱ्यांवर येऊन बसतं. कोणी चकार शब्द काढत नाही आणि सगळे बसतात ते क्रुसाकडे पाठ करून. पाहुणे हमखास विचारतात, "अहो, देवाकडे पाठ फिरवून ही कसली प्रार्थना?" हा प्रश्न आला की मला आनंदाच्या उकळ्या फुटतात, कारण मग मला बेनितची गोष्ट सांगायला मिळते.

बेनित या गावची सून. तिचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जायचा, असं सांगतात. देवळात लितानी, म्हणजे संतांना आळवणारी प्रार्थना, म्हणायची तर तिनेच, लग्नात गाणी म्हणायची तर तिनेच, आणि भांडण जुंपलं तर तिथेही तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे. तिचा नवरा पावलू वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, गलबतात घालून मुंबईला नेत असे. एका वादळात त्याचं गलबत खाडीच्या तोंडाशी येऊन उलटलं आणि पावलू बुडाला. बापाला आणायला गेलेली त्यांची लहानगी लेक फिलू काठावर उभी होती. तिने ते डोळ्यांनी पाहिलं आणि तिची वाचाच बसली. रडणं नाही, हाक नाही, काही नाही.

बेनितने काय करायचं बाकी ठेवलं? मेणबत्त्या लावल्या, नवस बोलली, अनवाणी डोंगरावरच्या माउलीला जाऊन आली. गुडघे टेकून ती देवाला इतक्या हाका मारी की शेजारी दारं लावून घेत. घरी आली की लेकीमागे लागे, "आय म्हण गो, एकदा आय म्हण!" बायाही येता-जाता पोरीची हनुवटी धरत. कोणी गूळ दाखवे, कोणी धाक दाखवे. पोर आणखीच मिटत गेली.

मग राखेचा बुधवार आला, उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राख लावून बेनित देवळाबाहेर पडली आणि भर चौकात म्हणाली, "माझी पोर बोलत नाय, तवर मीबी देवाशी बोलणार नाय. आजपासून माझा त्याच्याशी अबोला!" आणि तरातरा येऊन या पायरीवर बसली. देवाला कळावं की आपण रुसलोय, म्हणून मुद्दाम क्रुसाकडे पाठ करून!

गावात हाहाकार उडाला. उपवासकाळात देवाशी अबोला? पण बेनित हटली नाही. कामं उरकली की ती रोज संध्याकाळी इथे येऊन गप्प बसे. पहिले काही दिवस ती नुसती रागाने धुमसत होती म्हणे. पण संध्याकाळचं ऊन मागून येतं, ते तुम्हीच बघा. तिने पाठ फिरवली खरी, पण क्रुसाची सावली तिच्या खांद्यावरून पुढे जाऊन पाण्यावर पडे. ती डावीकडे सरकली तरी सावली तिच्या डोळ्यांसमोरच, आणि शेजारी तिची स्वतःची. हळूहळू तिने सरकणं सोडलं. अबोला धरायलासुद्धा समोर कोणीतरी आपलं माणूस लागतं, परक्याशी कोण रुसतं? तिचा राग निवत गेला, पण ती उठून गेली नाही.

आणि एके दिवशी फिलू आपण होऊन तिच्याजवळ येऊन बसली! अख्ख्या गावात तिला 'बोल, बोल' न म्हणणारी ही एकच जागा उरली होती.

इकडे गावकऱ्यांना वाटलं, बाई हातची गेली. एका शुक्रवारी पाद्रीबाबांना पुढे घालून सगळे इथे आले आणि तिच्या पाठीमागे उभे राहून टिपेच्या आवाजात लितानी म्हणू लागले. तिला परत देवाकडे आणायचं होतं ना! बेनित हलली नाही. पण पाद्रीबाबांचं लक्ष पोरीकडे गेलं. फिलूने दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.  त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं, झगा आवरला आणि ते चिखलाची पर्वा न करता मायलेकींशेजारी, क्रुसाकडे पाठ करून, मुकाट्याने बसले.

पाद्रीच बसल्यावर बाकीचे काय करणार? एकेक करून सगळे बसले. वाडीतला रहाट थांबवला. आमचं गाव, जिथे दोन माणसं भेटली तरी बाजार भरतो, ते गाव गप्प झालं! पाण्यावर सावल्याच सावल्या. फिलूने कानांवरचे हात काढले. कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, कोणी काही मागितलं नाही. ऊन मावळतीला आलं आणि त्या शांततेत एक बारीक, घोगरा आवाज आला.

"आय, भूक लागली."

अहो, उपवासाचा दिवस, सगळ्यांचीच पोटं पाठीला लागलेली! बेनितने लेकीला छातीशी धरलं आणि ती हसते की रडते ते कोणाला कळेना. बाया धावल्या, कोणी पेज आणली, कोणी सुकेळी. पोर जेवत होती आणि सगळं गाव उभं राहून बघत होतं.

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "बेनित, आता तरी देवाशी बोल."

बेनितने डोळे पुसले. "बाबा, इतके दिवस आमचं दुसरं काय चाललं होतं?"

आजही आम्ही तिच्यासारखेच बसतो. काही मागायचं नाही, काही म्हणायचं नाही, नुसतं देवाजवळ असायचं. पोराबाळांतलं कोणीतरी 'भूक लागली' म्हणेपर्यंत उठायचं नाही. पोरांना शिकवून ठेवायला मनाई आहे, आणि फसवाफसवी चालत नाही. गेल्या वर्षी घोन्सालविसांच्या नातीने काळोख पडेपर्यंत आम्हाला ताटकळत ठेवलं, पण एक माणूस हलला नाही. तो बघा, रहाट थांबला. लोक यायला लागले. बसा, इथे माझ्याशेजारीच बसा. बेनितच्या पायरीवर जागा आहे.