बर्फाखालचं वावर

खण्ण!

चार वर्षांपूर्वी कुदळीखाली पहिला दगड लागला, तेव्हाचा तो आवाज अंबादासच्या कानातून अजून गेला नव्हता.

“मग हे आले कुठून, बाबा?” त्यानं दगडांनी भरलेलं टोपलं केवलनाथांच्या पायाशी आदळलं.

सकाळची वेळ. हिमालयातली ती उंचावरची दरी नुकतीच बर्फातून बाहेर आली होती. केवलनाथ गुहेच्या तोंडाशी उन्हात बसून चहा पीत होते. त्यांच्या फाडलेल्या कानांत जाड मुद्रा हलत होत्या. कान फाडून अशा मुद्रा घालायच्या, म्हणजे नाथपंथाची दीक्षा घ्यायची, म्हणूनच अंबादास जालन्याकडून इथवर आला होता. बाबांनी एकच अट घातली होती... जवाचं वावर दगडांतून मोकळं कर, मग कान फाडतो.

दर पावसाळ्यात तो वावर निवडून लख्ख करी. बर्फ पडे, बर्फ जाई. आणि वर दगड पसरलेले असत.

“कोण टाकतं, ठाऊक आहे मला,” अंबादास म्हणाला. “खालची छेरिंग म्हातारी. बांधावर काटे लावले, तरी टाकतेच.”

“पाहिलंस?”

“पाहायचं काय त्यात? काल दोन टोपली तिच्या दारात ओतून आलो. चार माणसांदेखत लबाड म्हणालो तिला.”

बाबांचा पेला ओठांशी थांबला.

“ती काय म्हणाली?”

“हसली. म्हणाली, अजून असतील तर आण, गोठ्याची भिंत पडलीय माझी.”

बाबाही हसले. मग उठले, आणि काठी टेकत वावरात गेले. अंबादास मागोमाग.

सावलीच्या कडेला एक दगड मातीतून अर्धा वर आला होता. बाबा वाकले.

“उचल.”

अंबादासनं दगड उपटला. खाली बोटभर उंचीचा बर्फ उभा होता. सुया लावाव्यात तसा. दगड त्या सुयांच्या डोक्यावर होता.

“ओल गोठली की फुगते,” बाबा म्हणाले. “दगडाला वर ढकलते. बर्फ वितळेपर्यंत खालच्या पोकळीत माती शिरते. दगडाला परत जायला जागा राहत नाही... दर हिवाळ्यात थोडा थोडा वर.”

अंबादास त्या बर्फाकडे बघत राहिला. उन्हानं त्याची टोकं ओली होऊ लागली होती.

“खाली अजून किती आहेत?”

“खाली डोंगर आहे.”

“म्हणजे हे कधीच मोकळं होणार नाही!”

“नाही.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि माझी चार वर्षं?” त्याचा आवाज चिरकला. “पाठ पार मोडली माझी, बाबा!”

“माझी सात गेली,” केवलनाथ म्हणाले. “याच वावरात. मोकळं होत नाही हे कळलं, त्या दिवशी माझ्या गुरूनं सुरी काढली.”



बाबांनी कमरेची सुरी काढली, अंगठ्यावर धार पाहिली.

“तुलाही आज कळलं. बस.”

अंबादास मटकन बसला. डोळे मिटले.  त्यानं हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले.

सुरीचं थंड पातं कानाला लागलं... आणि तिथंच राहिलं.

“कान फाडल्यावर त्याच दिवशी भिक्षेला जायचं,” बाबा हळूच म्हणाले. “इथल्या नाथांची रीत आहे. पहिली भिक्षा सर्वांत जवळच्या दारी.”

अंबादासनं डोळे उघडले.

खाली उतारावर एकच घर होतं. धुराड्यातून धूर निघत होता. पडक्या भिंतीशी म्हातारी कालचे दगड एकावर एक रचत होती. एक उचलायची, कंबर धरून थांबायची, मग पुढचा.



अंबादासनं पातं बोटानं बाजूला केलं. कान तसेच अखंड होते. तो उठला आणि उतारावरून खाली निघाला.

“अरे, झोळी राहिली,” बाबा म्हणाले.

म्हातारीच्या भिंतीसाठी त्यानं वाटेतला एक दगड खांद्यावर घेतला. वळलाही नाही.