साळूमावशीच्या खड्ड्यातला खडा

फार पूर्वी एका माळरानावर पंचायतीची निवडणूक लागली. एक पॅनेल कोल्ह्यांचं, दुसरं लांडग्यांचं. दोघांनीही सशांना कोवळ्या गवताची आश्वासनं दिली. दरवर्षी पाणवठ्यातला गाळ एकटीनं उपसणारी म्हातारी साळिंदर, साळूमावशी, अपक्ष उभी राहिली.

मत द्यायचं म्हणजे आपल्या उमेदवाराच्या खड्ड्यात एक खडा टाकायचा. साळूमावशीच्या खड्ड्यात एकच खडा निघाला, तिचा स्वतःचा. कोल्हे निवडून आले.

दुसऱ्या दिवशी ससे तिच्या बिळाशी आले. एकेक जण पुढे होऊन हळूच म्हणाला, "मावशी, माझ्या मनात तूच होतीस गं. पण तू कुठली निवडून यायला! मत वाया गेलं असतं."

साळूमावशीनं बाहेर डोकावून पाहिलं. रांग थेट पाणवठ्यापर्यंत गेली होती.

"बाळांनो," ती म्हणाली, "हे तुम्ही एकमेकांशी बोललाच नाहीत का?"