पाय पुसणारा

एक वृद्ध आचार्य नदीकाठच्या आपल्या मठीत राहत असत. वय ऐंशीच्या घरात, काया काटक, वाणी मधुर. लोक लांबून त्यांचे प्रवचन ऐकायला येत आणि आल्याबरोबर त्यांचे पाय धूत. पाण्याने, दुधाने, सण असला की पंचामृतानेही. वैशाखाच्या उकाड्यात तर ते पाय दिवसाकाठी वीस वेळा भिजत. हा सारा सोहळा त्यांच्या पट्टशिष्याच्या हाती होता. तांब्या तो दुसऱ्या कोणाला धरू देत नसे, आणि खरे सांगायचे तर त्याला त्याचा थोडा ताठाही होता.

धुऊन झाले की ओले पाय तसेच मखमली मोजडीत जात. एका व्यापाऱ्याने ती मोठ्या भक्तीने करवून दिली होती, सगळीकडून बंद, आत जाड अस्तर लावलेली. भर उन्हाळ्यात अशी मोजडी कोणी स्वतःच्या पायात घातली नसती. गुरूच्या पायात मात्र ती सर्वांना शोभून दिसे.

आचार्यांचा एक नेम होता. दर सोमवारी ते डोंगरवाटेने दोन मैल चालत पलीकडच्या गावी जात. तिथे त्यांची थोरली बहीण राही. नव्वदी आलेली, दृष्टी गेलेली. तिला ते पोथी वाचून दाखवत. त्या चैत्रात एक सोमवार चुकला, मग दुसरा, मग तिसरा. वयाचा थकवा असेल, असे लोकांनी मानले. तिकडे म्हातारी दारात पाट टाकून बसे आणि पायांवरचे ऊन सरले की उठून आत जाई.

अक्षय्य तृतीयेला मठी माणसांनी भरून गेली. शिष्याने तांब्या पुढे केला आणि आचार्यांनी पाय मागे घेतले. ते शिष्याला म्हणाले, “आज पाणी नको. तुझ्या खांद्यावरचा पंचा कोरडा आहे ना? त्याने माझे पाय पूस. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.”

शिष्य खाली बसला. बारा वर्षे ज्या पायांवर पाणी घातले, ते त्याने त्या दिवशी प्रथमच मांडीवर घेऊन नीट पाहिले. उजव्या अंगठ्याचे नख पिवळे पडले होते, जाड झाले होते आणि कडेने भुसभुशीत होऊन मांसात रुतले होते. सोमवार का चुकत होते ते त्याला कळले, आणि ते आपल्याच तांब्यामुळे चुकले हेही कळले.

“गुरुजी, हे माझ्या हातून झाले,” तो कसाबसा म्हणाला.

“अर्धे तुझ्या आणि अर्धे माझ्या,” आचार्य सर्वांना ऐकू जाईल असे बोलले. “तीन वर्षांपूर्वी नखाच्या टोकाला पिवळा ठिपका दिसला होता. मी गप्प राहिलो. पाय धुऊन घेणे मला आवडत होते. लहानपणी आई आमचे पाय धुवी आणि अक्का ते पुसून काढी. आईची थोरवी मी शंभर प्रवचनांत सांगितली. अक्काच्या पुसण्याची आठवण मला नख दुखायला लागल्यावर आली. ओलीत, उबेत, बंद जोड्यात जे वाढते, त्याला पाय कोणाचे आहेत हे ठाऊक नसते.”

एवढा मोठा माणूस चारचौघांत स्वतःची चूक इतक्या सहज सांगतो, हे पाहून शिष्य थक्क झाला. पण खरे थक्क होणे अजून पुढेच होते.

दुसऱ्या दिवशी तो आचार्यांना तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी नखाचा तुकडा तपासायला पाठवला. बुरशीच निघाली. रोज लावायचे औषध मिळाले. नख घासून पातळ ठेवायचे, ते कापायचे नेलकटर दुसऱ्या कोणी वापरायचे नाही, जोडे उघडे घालायचे, पाय कोरडे ठेवायचे. नख कधी बरे होईल, असे शिष्याने विचारले. बाई म्हणाल्या, हे नख बरे होत नसते. मुळाकडून नवे येते आणि जुन्याला पुढे ढकलते; औषधाने त्या नव्याची राखण करायची. या वयात दीड वर्ष धरून चाला.

मोजडी खुंटीला गेली. व्यापारी आधी फुगला आणि मग स्वतःच उघड्या चपला घेऊन आला. आचार्यांच्या जागी दर सोमवारी शिष्य म्हातारीकडे जाऊन पोथी वाचू लागला. ती निमूट ऐके, आणि तो उठला की एकच विचारी, “पाय पुसतोस ना रे त्याचे?”

श्रावणातल्या एका सकाळी पाय पुसताना त्याचा हात थबकला. नखाच्या मुळाशी एक बारीक गुलाबी कड उगवली होती, तान्ह्या बाळाच्या नखासारखी स्वच्छ. तो किती तरी वेळ तो पाय मांडीवर घेऊन बसून राहिला. ऐंशी वर्षांच्या देहात, कोणी न सांगता, हे रोज चालले होते. आपण पाणी ओतत होतो तेव्हाही चालले होते. इतकी शास्त्रे वाचून जे त्याला कधी झाले नव्हते ते आज झाले. त्याने त्या अंगठ्यावर डोके टेकले आणि त्याला रडू आले.

पुढच्या वैशाखात डॉक्टरीणबाईंनी चालायची मुभा दिली. सोमवारी दोघे निघाले. वाटेतल्या ओढ्यात घोट्याएवढे पाणी होते. म्हातारी दारात बसली होती. पावले ओळखून तिने हात पुढे केले, ओले पाय हाताला लागताच पदर ओढला आणि एकेक बेचके पुसू लागली. अंगठ्याशी तिची बोटे थांबली. नखावरून ती मुळापासून टोकापर्यंत सावकाश फिरली.

“नवं आलंय,” ती म्हणाली. “टोकाला एवढंसं जुनं उरलंय.”

शिष्याने खांद्यावरचा पंचा काढला होता, तो त्याने तसाच हातात धरून ठेवला.