रेशमात गुंडाळलेली काठी

एका राज्यात, जिथे पाखरे बोलत आणि माणसे बहुधा गप्प असत, केवळा नावाची बाई अंगणात साळी कांडत होती. ऊन नेहमीचेच होते. शेजारणीची कोंबडी नेहमीप्रमाणे सुपात चोच घालत होती. तेवढ्यात किल्ल्यावरचा एक स्वार कुंपणाशी उतरला. त्याने गूळपाणी घेतले, पागोट्याच्या टोकाने तोंड पुसले आणि मग म्हणाला, "ताई, हैबतीचा दगड झाला."

हैबती हा केवळेचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. केवळेनेच त्याला कडेवर वाढवला होता.

"काय केलं त्यानं?"

"पहाऱ्यावर डोळा लागला. गनीम आत शिरला आणि धान्याचं कोठार जाळून गेला."

"आणि गस्तीवर कोण होतं?"

"किल्लेदार सर्जेराव."

"ते जागे होते?"

स्वाराने घोड्याची आयाळ उगाच सारखी केली. "तेही निजले होते. त्यांनाही दंड झाला, त्यांच्या पागोट्यावरचा तुरा पांढऱ्याचा करडा झाला."

केवळेने मुसळ उखळातच उभे ठेवले आणि ती निघाली.

त्या राज्यातली दंडाची रीत जुनी होती. फौजेत कोणी चुकला की मंतरलेली काठी त्याच्या खांद्याला लावीत. शिपायाला काठी उघडी लागे आणि त्याचा दगड होई. जमादाराला लावताना तिच्यावर लोकर गुंडाळीत आणि सरदाराला लावताना रेशीम, पदरावर पदर. याला कोणी अन्याय म्हणत नसे, अदब म्हणत. दंड झाला की ते रेशीम राजाच्या खजिन्यातल्या पेटीत ठेवीत, कारण सरदाराच्या अंगाला लागलेले वस्त्र इकडेतिकडे टाकणे बरे दिसत नसे.

किल्ल्याच्या दरवाजाशी दगडाचे शिपाई दोन्ही बाजूंनी उभे होते. हैबती शेवटचा होता, जांभई अर्धी आवरलेली. केवळेने त्याच्या गालाला हात लावला. गाल गार होता. मग तिचा हात त्याच्या सावलीत गेला आणि तिथेच थांबला. सावली ऊबदार होती, नुकत्या उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी.

"सावलीत ऊब आहे तोवर माणूस आत आहे," बुरुजावरून टिटवी म्हणाली. "ऊब गेली की नुसता दगड. तो शेजारचा बघ."

शेजारी कानाची पाळी तुटलेला एक तरणा पोर उभा होता. केवळेने त्याच्या सावलीतही हात धरला. तिथे काही नव्हते.

"टिटवीबाई, तू त्या वेळी जागी होतीस?"

"मी पाय वर करून आभाळ धरते, मला झोप कुठली? मी ओरडले. तुझा भाऊ उठला नाही. किल्लेदारही उठला नाही. घोरण्यात म्हणशील तर किल्लेदार वरचढ होता."

"मग दोघांना दंड वेगळा का?"

"ते काठी करणाऱ्याला विचार. चल, वाट दाखवते."

काठी करणारा मांत्रिक अशा दरीत राहत असे, जिथे पडसाद आधी येतो आणि हाक मागून. केवळेने तोंड उघडण्याआधीच डोंगरातून तिचा आवाज आला, "बाबा." मग तिने हाक मारली. एक वठलेले झाड हलले आणि तोच मांत्रिक निघाला. त्याच्या दाढीत मुनियांची घरटी होती.

त्याने सगळे ऐकून घेतले.

"पहाऱ्यावर निजणाऱ्याला मी एक महिन्याचा दगड बांधून दिला होता," तो म्हणाला. "शिपाई असो, किल्लेदार असो. मग कुणीतरी काठीला रेशीम गुंडाळलं. बाई, काठीला उपाशी राहायची सवय नाही. सरदाराकडून जे मिळत नाही, ते ती शिपायाकडून वसूल करते. आणि सरदाराचा चुकलेला दंड रेशमातच राहतो, धान्यात सोंडकिडा राहावा तसा."

"मग यावर उपाय?"

"त्या रेशमाच्या पेटीला तीन गाठी आहेत. एक ज्याच्यावर उघडी काठी पडली त्याच्या माणसाने सोडायची, दुसरी ज्याला रेशमाने वाचवले त्याने, तिसरी राजाने. प्रत्येकाने आधी गुन्हा सांगायचा, जसा घडला तसा. एक शब्द मऊ केला तरी गाठ सुटणार नाही."

केवळा किल्ल्यावर परतली. सर्जेराव सदरेवर बसले होते. करडा तुरा त्यांनी शेल्याखाली झाकला होता.

"बाई, काठी लागली, दंड झाला. आता काय राहिलं?"

"काही नाही, साहेब. तुम्ही फक्त एकदा दरवाजाशी चला."

ते आले. तिने सांगितले तसा त्यांनी हैबतीच्या सावलीत हात धरला आणि झटक्याने मागे घेतला. मग पुन्हा धरला. ऊब आता ओसरत चालली होती.

"त्या दिवसापासून मला झोप नाही," ते हळूच म्हणाले. "वैद्य म्हणतो, पित्त."

"वैद्यालाही रेशीम गुंडाळलंय वाटतं," टिटवी म्हणाली.

सर्जेरावांनी तुरा काढून कमरेला खोवला. "चला."

त्याच किल्ल्यात असलेला राजाचा महाल वर्षावर्षाने खचत होता. कारण कोणाला ठाऊक नव्हते. खिडक्यांतून आता आभाळ दिसत नसे, गवताची मुळे दिसत. खजिन्याच्या दालनात पेटी होती आणि फरशी तिच्याकडे उतरत गेली होती. हत्ती जुंपूनही ती हलली नव्हती.

राजाने मांत्रिकाचा निरोप ऐकला. "काठी उघडी लावली तर सरदारांचा मान जाईल," तो म्हणाला.

"मान जाईल, महाराज," केवळा म्हणाली. "माझा भाऊ जातो आहे."

"आणि पेटी नाही उघडली तर?"

"तर पुढच्या वर्षी दरबार विहिरीत भरवा," टिटवी म्हणाली.

केवळा पेटीशी बसली. वाटेत तिने शब्द जुळवून ठेवले होते: पोर लहान आहे, दिवसभर दमला होता, घोंगडी ऊबदार होती. गाठीवर हात ठेवल्यावर तिला ते शब्द एकेक करून खाली ठेवावे लागले.

"माझा भाऊ हैबती पहाऱ्यावर निजला. कोठार जळालं. लोकांचं धान्य गेलं."

गाठ सुटली.

"मी सर्जेराव, गस्तीवर निजलो," किल्लेदार म्हणाले. "कोठार जळालं. लोकांचं धान्य गेलं." शब्द तेच होते. दुसरी गाठ सुटली.

राजा उभाच होता. मग तो मुकुट काढून फरशीवर बसला.

"मी युवराज होतो. नदीच्या उतारावर लढाई लागली आणि मी घोडा मागे वळवला. मला वळताना पाहून मागचा एक शिपाईही वळला. मला रेशीम लागलं. त्याला उघडी काठी लागली. त्याचा कान तुटलेला होता."

तिसरी गाठ सुटली. पेटीतून रेशीम वर आले, पदरामागून पदर, पाखरांच्या थव्यासारखे. दालन त्याच्या सळसळीने भरले आणि जे जे ज्याचे होते ते त्याच्याकडे गेले. ज्यांचे धनी मरून गेले होते, ती वस्त्रे नुसती वस्त्रे होऊन खाली पडली. महाल जमिनीतून वर आला. खिडक्यांत आधी मुळे, मग गवत आणि मग आभाळ दिसले.

सर्जेराव आपली गाठ सुटताच दरवाजाशी जाऊन उभे राहिले होते; केवळा रेशमामागून तिथे धावली. ते उभ्या उभ्या दगड झाले. समोर हैबतीची राहिलेली अर्धी जांभई पुरी झाली. त्याने डोळे चोळले. "आक्का, तू इथं कशी?" तो म्हणाला. केवळेने त्याला जवळ घेतले नाही, आधी त्याच्या सावलीत हात धरला. मग जवळ घेतले.

ज्यांच्या सावलीत ऊब होती ते सगळे शिपाई एकेक करून जागचे हलले. सर्जेराव महिनाभर तिथेच उभे होते. हैबती पहारा देता देता रोज त्यांच्या खांद्यावरची कावळ्यांची घाण पुसत असे. महिना भरला, तेव्हा त्यांनी आधी पाणी मागितले आणि मग स्वतःची गस्त.

राजाचा उजवा हात, ज्याने लगाम वळवला होता, मनगटापर्यंत दगडाचा झाला आणि तसाच राहिला. ज्याने त्याच्या वाटचा दंड भोगला तो शिपाई उरला नव्हता, म्हणून हा दंड फिटणारच नव्हता. पुढे त्या राज्यात काठी सगळ्यांना उघडीच लागली आणि बेताचीच लागली. रेशमाचे लोकांनी पाळणे बांधले.

कानाची पाळी तुटलेला तो पोर अजून दरवाजाशी आहे. राजा एकदा त्याच्यापाशी गेला आणि त्याने पोराचे नाव विचारले. कोणालाच सांगता आले नाही. "तेव्हा मीही विचारलं नव्हतं," राजा म्हणाला. केवळेने घरी परतण्याआधी पाखरांना विचारले, स्वारांना विचारले, नदीच्या उतारावरच्या गावांत विचारले, पण नाव कुठेच मिळाले नाही.

त्याच्या घरी निरोप जायचा राहिला आहे.