रिंग आवळेपर्यंत

"…पण उस्ताद, माझ्याच हातानं का कापते?"

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. महालिंगनं आणलेली कापलेली रिंग ते उजेडात धरून बघत होते.

पांढरी, टेफ्लॉनची, बांगडीपेक्षा लहान. महागड्या गाडीच्या इंजिनात एक डबा असतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, ते तो वेगाप्रमाणे मागंपुढं करतो. तेलाच्या दाबावर त्यातला लहानसा पिस्टन सरकतो, आणि त्या पिस्टनवर सील असतं, आत रबर, बाहेर ही रिंग. सील झिजलं की तेल निसटतं, दाब टिकत नाही, आणि एवढी रुबाबदार गाडी घाटात धापा टाकायला लागते.

कोल्हापुरात हे सील बदलावं तर महालिंगनं, असं गाडीवाले सांगत. शिकला मात्र तो इथं, मिरजेत, उस्तादांच्या हाताखाली. पुढं स्वतःचं गॅरेज टाकलं, नाव झालं, आणि नाव झाल्यावर माणसं करतात तेच त्यानंही केलं. उस्तादांकडं फिरकला नाही.

आज आला होता. गेले काही महिने सील बदललेल्या गाड्या परत येत होत्या, एक तर पुन्हा पुन्हा. नवं सील घालावं, थोडे दिवस बरे जावेत, की पुन्हा खडखड. उघडून बघावं तर रिंगचा काठ कापलेला. शेवटी तो डबाच फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता.

"माल खोटा असेल म्हणून दुसरीकडून मागवली," महालिंग म्हणाला. "तीही कापली."

"मग?"

"मग काय? हात गेला माझा. कस्तुरी गेली. आता हातही गेला तर माझ्याकडं उरलं काय, उस्ताद?"

कस्तुरी त्याची बायको. गेल्या श्रावणात गेली. उस्ताद मातीला येऊन गेले होते, गर्दीत मागं उभे राहून. महालिंगला ते आठवतही नव्हतं.

उस्तादांनी कापलेली रिंग खाली ठेवली. स्टोव्हवर पाणी कढत होतं, त्यात नवी रिंग सोडली. मऊ झाली तशी चिमट्यानं काढून महालिंगपुढं धरली.

"चढव."

महालिंगनं खाचेत आधी रबर बसवलं. मग अंगठ्यांनी ओढत, हलकेच, रिंग त्यावर चढवली. कुठं ओरखडा नाही, कुठं पीळ नाही. हात गेलेल्या माणसाचं काम ते नव्हे. ताणल्यामुळं रिंग जरा सैल दिसत होती, तशी ती दिसतेच.

त्यानं पिस्टन उचलून डब्याच्या तोंडाशी नेला.

उस्तादांनी डब्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

"हात काढा, उस्ताद."

तळहात हलला नाही.

"उस्ताद, हात…"

"चढवली की लगेच आत दाबतोस?"

"मग? चढली की नीट."

"ताणलेली रिंग सैल असते. गार होऊन पिस्टनला आवळून बसायला तिला वेळ लागतो. तोवर दाबलीस तर काठ कापणारच. मी शिकवलं होतं की तुला हे."

महालिंग उखडला. "शिकवलं असेल! इतकी वर्षं बसवतोय मी, कधी थांबलो नाही. थांबून वेळ घालवला नाही, म्हणून तर नाव झालं माझं."

"कधीच थांबला नाहीस?"

"कधीच नाही. रिंग चढवायची, हात धुवायचे, वर घरात जाऊन चहा घ्यायचा, की खाली येऊन लगेच…"

तो बोलायचा थांबला.

त्याचं घर गॅरेजच्या वरच होतं. कस्तुरीचा दंडक होता, चहा खाली मिळणार नाही. साबणानं हात धुवून वर यायचं आणि बसून प्यायचा. मग ती शेजारणीपासून भाजीवालीपर्यंत सगळं सांगत बसायची, आणि हा खाली काम पडलंय म्हणून मनात चरफडायचा. कपातला चहा संपला तरी तिचं संपायचं नाही.

"आणि आता?" उस्तादांनी विचारलं.

"आता वर कोण आहे?"

उस्तादांनी त्याच्या हातून पिस्टन घेतला, धुतलेल्या फडक्यावर उभा ठेवला. स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. एका जुन्या जीपचं सीट भिंतीला लावलेलं होतं, त्याकडं बोट केलं.

महालिंग बसला. लगेच उठला. पाने उचलून मापाप्रमाणे लावायला लागला.

"बस की."

तो पुन्हा बसला.

दुपार कलत होती. शेजारच्या सुताराचा रंधा चालू होता, तोही मध्येच थांबला. चहा झाला. महालिंगनं कप घेतला, आणि इतकी नीट रिंग चढवणाऱ्या त्याच हातातून तो कलंडला. चहा विजारीवर सांडला. त्याला रडू फुटलं.

उस्ताद त्याची समजूत घालायला गेले नाहीत. शेजारी बसून आपला चहा पीत राहिले.

बऱ्याच वेळानं महालिंगनं तोंड पुसलं. उठून पिस्टन बघितला. रिंग आवळून बसली होती, बोटाला काठ लागत नव्हता. त्यानं पिस्टन तेलात बुडवून डब्यात सरकवला. तो आवाज न करता आत गेला.

डबा फडक्यात बांधून तो उस्तादांच्या पायाशी वाकला. दारापर्यंत गेला, आणि तिथंच घुटमळला.

"इथं तुम्ही बसला होतात शेजारी. उद्या तिथं रिंग चढवल्यावर मी काय करू?"

"वर जा."

"वर कोणी नाही, उस्ताद…"

उस्ताद दोन्ही कप विसळत होते.

"ते रिंगला ठाऊक नाही."